शालन 'दुखतंय' म्हणायला शिकली

माझी बहीण 'दुखतंय' म्हणायला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकली.
आणि मी ऐकायला कंटाळलो.

शालनला जाऊन आज वर्ष झालं.
निरवांगीत तिला सगळे ओळखायचे. बाहेरच्यांसाठी सांगतो, ती जन्मापासून गतिमंद होती. आई गेल्यावर माझ्याकडेच, तिच्या आण्णाकडेच असायची.

आईने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. कोणी विचारलं, "शालन, कशी हायस?" की हसून म्हणायचं, "बरी हाय."
पाहुणे खूश व्हायचे. आईला तेवढंच समाधान, पोरीला चार लोकांत बोलता येतं.

पण ती डॉक्टरांनाही तेच सांगायची.

एकदा पायाचं हाड मोडलं, तर चार दिवस तशीच वावरात फिरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?"
"बरी हाय."
"अहो, त्या स्वतःच बरी आहे म्हणतायत," असं म्हणून त्यांनी मलम दिलं. पुढे बारामतीला एक्सरे काढला तेव्हा कळलं.

मी मुळात घाबरट माणूस. शिक्षण सातवी. त्यानंतर ती नुसती शिंकली तरी मी तिला दवाखान्यात न्यायचो.

उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, "तात्या, तिला सांगायला शिकवू. तोवर तुमी बघायचं. जेवली का, पाणी पिली का, संडासला झाली का. रोज."

मग आमची शाळा सुरू झाली. काटा टोचला, मुंगी चावली की मी म्हणायचो, "शालन, हे दुखतंय. हितं हात ठेव. म्हण, दुखतंय."
आठ महिने ती म्हणायची, "बरी हाय."

एक दिवस उंबऱ्याला माझाच अंगठा ठेचला. मी मटकन खाली बसलो.
ती आली, माझ्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "आण्णाचं दुखतंय."
मी तसाच पाय धरून हसत बसलो.

पुढच्या महिन्यात तिने स्वतःच्या कानावर हात ठेवला. कान आतून पिकला होता. वेळेवर औषध मिळालं.

मग मात्र तिचं सगळंच दुखायला लागलं.
आंघोळ? दुखतंय.
भेंडी तोडायला चल. दुखतंय.
टीव्ही बंद केला. दुखतंय.

शेजारचा विष्णू म्हणायचा, "तात्या, मास्तर व्हायची हौस होती न्हवं? आता पाढं ऐका."
नर्सबाई म्हणायच्या, "शंभरदा उगंच निघालं तरी चालंल. हात कुठं ठेवती ते बघा."

मी पाच वर्षं बघितलं. दर वेळी गाडी काढायची, दवाखान्यात नंबर लावायचा, काही निघालं नाही की परत यायचं.
दमलो होतो. खरं ते लिहितो.

त्या सकाळी ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आण्णा, दुखतंय."
भेंडीचा तोडा होता. टेम्पो यायचा होता.
मी म्हणालो, "व्हय बाई. मलाबी दुखतंय." आणि वावरात गेलो.

दुपारी आलो तर ती तिथंच बसलेली. हात पोटावरच. पुढ्यातला चहा तसाच.

बारामतीला नेलं. आतडं अडकलं होतं.
डॉक्टरांनी विचारलं, "संडासला होऊन किती दिवस झाले?"
त्या आठवड्यात मी बघितलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी शालन गेली.

"सकाळीच आणलं असतं तर?" मी विचारलं.
"आजोबा, नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.
वर्षभर ज्याला त्याला मी हेच विचारतोय. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "तुमी एकटं होता, तात्या."

तुमच्या घरी असं कोणी असेल तर एकट्याने करू नका. दोघा-तिघांनी पाळी लावून बघा. एक दमला तर दुसरा ऐकेल.

शालन, तू बरोबर सांगितलं होतंस. हातसुद्धा बरोबर जागी ठेवला होतास.

तुला माझा शेवटचा नमस्कार.
तुझा आण्णा