जज्जसाहेबांचा हुरडा

जज्जसाहेब कुणाच्या लग्नाला गेले तरी प्यायच्या पाण्याचा तांब्या घरून नेत. वर्ध्यात त्याची खूप चेष्टा होई. माझा नवरा त्यांच्या कोर्टात चपराशी, मी त्यांच्या घरी स्वयंपाकाला, त्यामुळे तो तांब्या घासायचे काम माझेच. साहेब म्हणत, "आज कोणाचं पाणी पेलो, का उद्या चहा येते, परवा तुपाचा डबा येते."

ते सेलूकडच्या शेतकऱ्याचे पोर. कोर्टात इंग्रजी बोलत, घरी मात्र अस्सल वऱ्हाडी. लवकरच जिल्हा जज्ज होणार, असे सगळेच म्हणत. साहेबांच्या बाईंनी तर मोठ्या बंगल्यासाठी पडद्याचे कापडही बघून ठेवले होते.

एका हिवाळ्यात बाईंचे भाऊ आले. म्हणाले, "चला भाऊजी, हुरडा खाले. आपलंच वावर हाये."

आपलंच म्हटल्यावर साहेबांनी तांब्याही घेतला नाही, फक्त मला कामाला सोबत घेतले. शेतातच विस्तवावर ज्वारीची कणसे भाजली. मी गरम दाणे चोळून देत होते आणि साहेब लहान मुलासारखे खात होते. मिशीला कोंडा लागला, तरी भान नव्हते. निघताना त्यांनी सहज मेहुण्याला विचारले, "हे वावर कवा घेतलं रे?"

"घेतलं कायचं? नामदेवरावाचं हाये. दोस्ताचं म्हंजे आपलंच!"

साहेबांचा हात मिशीवरच राहिला. नामदेवरावांचा शेजाऱ्याशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा दावा चालला होता, तो साहेबांपुढेच.

घरी येताच बाई म्हणाल्या, "हा दावा दुसऱ्या जज्जाकडे देऊन टाका ना."

"हुरडा पोटात गेला, डोक्यात नाई गेला," साहेब हसून म्हणाले. तेवढे त्यांचे चुकलेच.

पुढे त्यांनी निकाल दिला, तो नामदेवरावांच्या विरुद्ध. माझाच हुरडा खाऊन मलाच हरवतो काय, म्हणून नामदेवराव भडकले आणि दावा चालू असताना जज्जाने आपल्या शेतात हुरडा खाल्ला, अशी त्यांनी वर तक्रार केली. नागपूरहून चौकशीला मोठे साहेब येणार, असे कळले. बाईंनी मला चुलीपाशी गाठले.

"सखू, तुले इचारलं तर सांगजो, साहेब त्या दिवशी तापानं घरीच पडून होते."

माझी कुणासमोर मान वर होत नसे. मी खाली मान घालून तव्यावर पोळी टाकली. तेवढ्यात दारातून साहेबांचा आवाज आला, "तिले काऊन फसवून राह्यली तू? इतकी वर्सं लोकायले शपथ घ्याले लावली. आता माह्या पाळीले खोटं सांगू?"

"अवो, नोकरी जाईन तुमची!"

"जाईन. सखू, पोळी पलटव, जळून राह्यली."

चौकशीत त्यांनी सगळे कबूल केले. हुरडा कसा होता, तेही न विचारता सांगितले म्हणे. जिल्हा जज्ज होणे तर राहिलेच, होती ती खुर्चीही गेली.

सेलूला जायला सामान बैलबंडीवर चढत होते, तेव्हा नामदेवराव आले. बाईंनी तोंड फिरवले. नामदेवराव खाली बघत म्हणाले, "साहेब, रागाच्या भरात केलं. माफी द्या."

"ते राहू द्या. धुरा कोणाचा होता?"

नामदेवराव बंडीवरचा एक डबा उगीच सरकवू लागले. शेवटी हळूच म्हणाले, "शेजाऱ्याचाच होता."

साहेबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! ते टुणकन बंडीवर चढून बसले.

"मंग निकाल बी बरोबर अन् तुमची तक्रार बी बरोबर. हाक रे बंडी!"