अशुभ बोलायचं ते अंगणात

माझ्या सासूबाईंना, मालनबाईंना, मी इंग्रजी शिकवलं. म्हसरूळमध्ये हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे कीव करून बघतात, आणि ते बरोबरच आहे. मोबाइलवरच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये वर्गभर पोरं सहज आवरणारी मी, या एका विद्यार्थिनीपुढे मेटाकुटीला आले.

झालं असं, की दिंडोरी रोडवरच्या, परदेशात माल पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये आई, म्हणजे सासूबाई, द्राक्षांच्या घडातले खराब मणी कात्रीने टिपायच्या. मालक सोमनाथभाऊंनी जाहीर केलं, परदेशातून तपासणीला मॅडम येणार. त्यांच्या प्रश्नांना जी इंग्रजीत उत्तरं देईल, ती सुपरवायझर. आईंनी त्याच दिवशी मला धरलं.

"उभं राहून राहून पाय गेले माझे. आता मला खुर्चीत बसून दुसऱ्यांवर ओरडायचंय," त्या म्हणाल्या. इंग्रजी शिकायचं इतकं प्रामाणिक कारण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तपासणीतले प्रश्न सगळे 'समजा'चे. समजा काच फुटली, समजा आग लागली, तर काय कराल? स्वयंपाकघरात आई कणीक मळत होत्या, तिथेच मी सुरू केलं. घडलेलं नाही, नुसती कल्पना आहे, म्हणून क्रियापद भूतकाळी घ्यायचं आणि पुढे 'वुड' लावायचं. "म्हणा आई, इफ द शेड कॉट फायर..."

आईंनी पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "भरल्या घरात आग लावती का? वास्तू तथास्तु म्हणती, माहीत नाय?"

"अहो, पण इंग्रजीत बोलतोय आपण!"

"मग? वास्तूला इंग्रजी येत नाय काय? तुझाच क्लास ऐकती ती रोज मोबाइलवर."

मी आईंना घेऊन निघाले अंगणात. पायरी उतरताच आईंना कंठ फुटला. इफ ग्लास ब्रोक, आय वुड स्टॉप वर्क! इफ गर्ल कट फिंगर, आय वुड थ्रो ऑल बॉक्स! हे 'थ्रो' त्यांना फार आवडलं. साप आला, वीज पडली, काहीही झालं तरी खोके फेकलेच. शेजारच्या यशोदाबाई भांडण कुणाचं म्हणून कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. भूतकाळाचं कारणही आईंनी परस्पर लावून टाकलं. "झालंगेलं म्हणून बोलायचं, म्हंजी ते पुन्हा येत नाय. इंग्रज पण आपल्यासारखेच भित्रे हायेत."

तपासणीच्या दिवशी त्या मला सोबत घेऊन गेल्या. दारातच सगळ्यांसारखी मलाही केस झाकायची टोपी चढवायला लावली. शेडमध्ये उंच, हसऱ्या मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला. व्हॉट वुड यू डू इफ अ बल्ब ब्रोक ओव्हर द ग्रेप्स?

आई छताकडे बघायला लागल्या. मॅडमनी पुन्हा विचारलं. आईंनी दाराकडे पाहिलं. सोमनाथभाऊ घाम पुसायला लागले. मी मनात म्हटलं, गेली खुर्ची!

तेवढ्यात आईंनी मॅडमचा हात धरला. "मॅडम, कम. आउटसाइड." सरळ दाराबाहेर नेलं, ट्रॅक्टरपाशी उभं केलं आणि मग ज्या सुटल्या! फुटलेला बल्ब, कापलेलं बोट, आग, सगळ्याचा चोख बंदोबस्त झाला आणि असतील नसतील ते खोके फेकून झाले. मॅडम आधी बिचकल्या, मग भराभर लिहायला लागल्या.

"बट व्हाय आउटसाइड?" त्यांनी विचारलं.

आईंनी शेडकडे बोट दाखवलं. "हाउस लिसन. हाउस से येस."

मॅडमनी शेडच्या पत्र्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न हळूच, कुजबुजत विचारला. मी हसू दाबता दाबता रडायच्या बेताला आले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, व्हॉट वुड यू डू इफ यू बिकेम सुपरवायझर?

आई तोंड उघडता उघडता थबकल्या. "हे इथं नाय," म्हणाल्या, आणि मॅडमना तशाच हाताला धरून पुन्हा आत घेऊन गेल्या, थेट शेडच्या मधोमध. भूतकाळ सोडला, वुड सोडलं. छताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टुमारो, आय सिट!"

सगळ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"येस," मॅडम म्हणाल्या.

सोमनाथभाऊंनी स्वतःची खुर्ची उचलून आणली. "उद्या कशाला मालनबाई? आत्ताच बसा."

आई बसल्या. पदर सारखा केला, पाय लांब केले, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि पहिल्यांदा ओरडल्या त्या माझ्यावर.

"स्नेहल! टोपी नीट घाल, केस पडत्यात मालात!"