'जिना' नसलेला अल्बम

गेल्या महिन्यात एका काळजीने माझी झोप उडाली होती. गॅस बंद केलाय का, लेकीचं, ओवीचं कपाळ गरम तर नाही ना, या नेहमीच्या काळज्या नव्हेत. 'जिना' हे गाणं मी लेकीला रोज झोपवताना म्हणते, त्याचं दुसरं कडवं खरं आहे की मीच कधीतरी रचलंय, ही. ताडून बघायची सोय नाही. 'एक ते चार' हा आमचा लाडका बँड कधीच बंद पडला. बंद पडलेल्या बँडची गाणी विरत जातात आणि किस्से तेवढे साठत राहतात.

*

बँडचं नाव निनादने ठेवलं. तो गायचा. पुण्यातली दुकानं बंद असतात तेव्हा आम्ही जागे असतो, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. वाजवायचे पोस्ट-पंक, म्हणजे एकाच जागी धावणारा बेस, कोरडे ड्रम्स आणि वर निनादचा सपाट आवाज, घरमालकाशी बोलल्यासारखा. पहिला कार्यक्रम एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. तिसरं गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतले एक काका उठले आणि अदबीने म्हणाले, "तुमची वाद्यं जुळवून झाली की आवाज द्या. आम्ही खाली चहा घेतोय."

*

सराव फैजलच्या घरच्या गादी कारखान्यात चालायचा. फैजल ड्रमर. चारी बाजूंनी कापूस, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नाही. मी आणि माझी मैत्रीण केतकी गाद्यांच्या थप्पीवर बसून ऐकायचो. टाळ्या वाजवायच्या नाहीत, मान डोलवायची नाही, हा आमच्या कंपूचा शिरस्ता. गाणं फारच आवडलं तर आणखी गंभीर व्हायचं. फैजलचे अब्बा एकदा बराच वेळ दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "फैजल, या मुलींच्या घरी काही वाईट झालंय का?"

*

दुसरा शिरस्ता जास्त महागात पडला. आपल्याला 'जिना' आवडतं असं कधी म्हणायचं नाही. ते सगळ्यांनाच आवडायचं. त्याचं नाव घेणारा म्हणजे कालचा आलेला.

यंदा निनादने जुन्या गाण्यांचा निवडक अल्बम काढायचं ठरवलं आणि ग्रुपवर विचारलं, "प्रत्येकाने पाच गाणी सांगा." मी कोणाला माहीत नसलेली पाच काढली. त्यातल्या एकात तर मुख्यतः पंख्याचाच आवाज आहे. 'जिना' काय, येणारच होतं. केतकीनेही असाच विचार केला. सगळ्यांनीच केला. 'जिना'ला एकही मत पडलं नाही!

निनादला वाटलं, गाणं आमच्या मनातून उतरलं. त्याने ते निमूट वगळलं. अल्बम आल्यावर आम्हाला कळलं. तोवर निवडलेली गाणी काढून घेऊन मूळ रेकॉर्डिंगचा लॅपटॉप भंगारात गेलेला, सगळी गाणी ठेवली होती ती वेबसाइट कधीच बंद.

केतकीचा फोन आला. म्हणाली, "अभिनंदन. आपल्याइतके जाणकार रसिक कुठल्याच बँडला मिळू नयेत."

*

माझ्या नवऱ्याने भांडी लावता लावता अख्खा अल्बम ऐकला. तो नागपूरचा, मनात काही ठेवत नाही.

"बरा आहे. पण तू ओवीला म्हणते ते कुठे आहे?"

"ते नाही यात."

"मग निवडलं काय तुम्ही लोकांनी?"

मी कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले.

*

शेवटी निनादचाच फोन. "'जिना' परत रेकॉर्ड करावं म्हणतोय. पण मला पहिल्या कडव्यापुढे काही आठवत नाही, आणि फैजल म्हणतो त्याने शब्द कधी ऐकलेच नव्हते. तुला येतं का गं?"

रविवारी तो आमच्या कात्रजच्या घरी आला. केस बरेच गेलेत. ओवी दडपे पोहे खात बसली होती. निनादने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टीपॉयवर ठेवला आणि ज्याने हे गाणं लिहिलं त्याच्यासमोर मी ते म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्यात जिन्याच्या वळणावर एक मांजर बसलेलं असतं, कोणी आलं की सरकून वाट देतं.

"थांब," निनाद म्हणाला. "मांजर नव्हतं."

डोळे मिटून तो त्याच जुन्या सपाट आवाजात गायला लागला. वळणावर एक माणूस उभा असतो. हातात घराची किल्ली असते आणि त्याला आत जायचं नसतं.

ऐकल्याबरोबर मला पटलं. हेच होतं. त्या माणसाचं मी मांजर कधी केलं, मलाच कळलं नव्हतं. निनादचे डोळे भरले होते. तो थांबेचना, तिसरं कडवंही सापडलं त्याला.

गाणं संपलं. मी शिरस्त्याप्रमाणे गंभीर. ओवीने तोंडातला घास गिळला आणि ती निनादकडे बघून म्हणाली,

"काका, हे आईचं गाणं आहे. आता तुम्ही तुमचं म्हणा."