मावसाजींना खोटं वाक्य चालत नाही

इंग्रजी भाषेवर आमच्या मावसाजींइतका जीव लावणारा आणि तिच्यापायी घरच्यादारच्यांचा इतका जीव खाणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडणार नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला आणि निवृत्त होऊन पुरानी बस्तीतल्या घरी येऊन बसले, ते एक जाडजूड डिक्शनरी आणि लाल पेन घेऊनच. त्यांचं म्हणणं असं की लोक शब्दाचा एक अर्थ शिकतात आणि तेवढ्यावर थांबतात. पाहुणा ओसरीवरूनच परत गेला तर घर पाहिलं असं म्हणता येईल का? शब्दाला पाच अर्थ असतील तर पाचही अर्थांनी तो वाक्यात नीट वापरता आला पाहिजे, मगच तो शब्द आपला. हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण संध्याकाळी त्यांच्या अंगणातल्या टेबलापाशी पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पाच-सहा पोरं वह्या घेऊन बसत, आणि मीटर पाहायला आलेल्या माणसालाही एखादं वाक्य केल्याशिवाय सुटका नसे.

यातही त्यांचा एक खास नियम होता, आणि सगळी गंमत त्या नियमात होती. वाक्य खरं असलं पाहिजे. व्याकरण चुकलं तर मावसाजी समजावून सांगत. वाक्य खोटं निघालं तर वही परत करत. गाइडमधला राजा, सिंह, लंडनचा पूल यांना त्यांच्याकडे प्रवेश नव्हता. "कोन्ता राजा? तू पाह्यला? नाही ना? मग आपल्या घरचं लिही." आणि घरचं लिहिलं तरी लगेच बरोबरची खूण मिळत नसे. मावसाजी पायात चपला घालून ते तपासायला जात. 'रन' या शब्दावर शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीने लिहिलं, 'माय ग्रँडमदर रन्स द हाउस.' घर आजी चालवते. मावसाजी वही घेऊन तिच्या घरी गेले आणि ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांना त्यांनी वाक्याचा अर्थ सांगून हे खरं आहे का म्हणून विचारलं. आजोबांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हव." मावसाजींनी तिथेच उभ्या उभ्या खूण केली.

मावशीला इंग्रजीचा गंध नाही, पण इतकी वर्षं कानावर पडून पडून तिला 'रन'चे सगळे अर्थ पाठ झालेत. मावसाजी नळ उघडा ठेवून अंगणात आले की ती आतून शांतपणे सांगते, "अहो, तुमचा नळ रन करून राह्यला." समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी एकदा त्यांचं ब्लडप्रेशर पाहून आठ दिवस रेस्ट सांगितली. मावसाजींनी तिथल्या बाकावर बसूनच कंपाउंडरला 'रेस्ट'चे चार अर्थ चार वाक्यांत सांगितले आणि चालत घरी आले. विश्रांती त्यांनी एक दिवसही घेतली नाही. मी सिंचन खात्याच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी पत्रं खरडणारा माणूस, त्यामुळे मी त्यांच्या गल्लीतून जाताना शक्यतो मान खाली घालून जात असे.

माझी धाकटी बहीण शोभा त्यांच्याकडे जायला लागली ती मात्र नाइलाजाने. तिचा नवरा उरल्याला पहिल्या पाळीला जाताना वाटेत ट्रकखाली गेला. ट्रकवाला पळून गेला. मागे राहिल्या त्या लोकांच्या गोष्टी. घाईत असेल, उलट्या बाजूने घातली असेल गाडी, मोटरसायकलवाल्यांना कुठे दम धरवतो. तेराव्याला जेवायला बसलेल्यांनीसुद्धा हेच सांगितलं, आणि शोभा वाढत होती. त्यानंतर ती माझ्याकडे राहायला आली आणि बोलेनाशीच झाली. हो आणि नाही, तेही इतकं हळू की पुन्हा विचारावं लागे. वर्षभराने एका शाळेत प्राथमिक वर्गाला शिकवायची जागा निघाली. परीक्षा इंग्रजीत, मुलाखतही इंग्रजीत, आणि शोभा हिंदी माध्यमातली. ही नोकरी मिळाली नाही तर तिला सासरच्या गावी जाऊन त्याच लोकांत राहावं लागणार होतं. मी स्वतः तिला शिकवायला बसलो, आणि चौथ्या दिवशी माझाच आवाज चढला. मग तिला मावसाजींच्या टेबलावर नेऊन बसवलं.

महिनाभर ती गाइडातली वाक्यं लिहीत होती आणि मावसाजी वही परत करत होते. मग एक दिवस त्यांनी 'लेफ्ट' शब्द दिला. शोभा पुष्कळ वेळ बसून राहिली आणि तिने तीन वाक्यं लिहिली. 'माय हजबंड लेफ्ट होम ॲट सिक्स.' नवरा सहाला घरून निघाला. 'हिज टिफिन वॉज लेफ्ट ऑन द टेबल.' त्याचा डबा टेबलावर राहिला. 'ही वॉज ऑन द लेफ्ट साइड ऑफ द रोड.' तो रस्त्याच्या डाव्या बाजूलाच होता. मी तिला घ्यायला आलो होतो, ओट्यावर बसलो होतो. मावसाजींनी पहिल्या दोन वाक्यांवर खूण केली. तिसऱ्यावर पेन थांबलं.

"हे तू पाह्यलं होतं?"

"नाही," शोभा म्हणाली. "पण ते कधीच उलट्या बाजूनं नाही चालवत."

मावसाजींनी वही मिटली आणि आपल्याजवळ ठेवून घेतली. मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. विधवा पोरीच्या वाक्याला खूण करताना यांचा हात अडतो? घरी जाताना मी शोभाला म्हटलं, उद्यापासून जाऊ नको. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही.

चौथ्या दिवशी मावसाजी माझ्याकडे आले. पायजम्यावर उरल्याची काळी धूळ. मागोमाग मावशी, चिडलेली. तीन दिवस हा माणूस दुपारच्या उन्हात बसने उरल्याला जात होता. त्या वळणावरच्या चहाच्या टपऱ्या, ट्रकांचा अड्डा, सगळीकडे वही दाखवून विचारत होता. मावसाजी शोभासमोर बसले. "पंक्चरवाला भेटला. त्यानंच उचललं होतं त्याले. गाडी डाव्या कडेलेच पडली होती म्हणे, मातीत. ट्रक चुकीच्या बाजूनं आला. मले जागा दाखवली त्यानं." मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी तिसऱ्या वाक्यावर खूण केली आणि वही तिच्याकडे सरकवली.

शोभाने ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग तेच मराठीत म्हटलं, आणि रडली. वर्षभरात ती पहिल्यांदा रडत होती. मावशीने तिला जवळ घेतलं. मावसाजींबद्दल मनात काय काय आणलं होतं ते आठवून मला माझीच लाज वाटली, पण तसं त्यांना सांगितलं मात्र नाही.

शोभाला नोकरी लागली. मुलाखतीत तिला स्वतःविषयी बोलायला सांगितलं, आणि ती जे खरं होतं ते बोलली. आता शाळा, वह्या, घर यांत तिला वेळ होत नाही. अंगणातली पोरंही कोचिंगला जायला लागली. म्हणून माझ्या ऑफिसला सुटी असते त्या शनिवारी सकाळी मीच वही घेऊन मावसाजींकडे जातो. मागच्या वेळी 'कीप' शब्द होता. मी लिहिलं, 'माय सिस्टर कीप्स फॉर्टी चिल्ड्रन क्वाएट.' माझी बहीण चाळीस पोरांना गप्प ठेवते. मावसाजींनी वाचलं, आणि चपलांकडे न पाहता पेन उचललं. "गुडघे नाही चालत आता. तू म्हनतं तर खरंच असंन."

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, त्यांना स्कूटरवर बसवलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. आत नुसता गोंधळ चालला होता. चाळीस पोरं एकदम बोलत होती, बाक वाजत होते.

"खोटं आहे," मावसाजी म्हणाले. "खोडून टाक."

तेवढ्यात त्या सगळ्या गोंधळावरून शोभाचा आवाज आला, खणखणीत, रस्त्यापर्यंत ऐकू येईल असा. ती पोरांना काहीतरी रागावत होती. मावसाजींनी भिंतीला हात टेकला. मी दोनदा म्हटलं, चला, ऊन वाढलं. "हव," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.