ढगोबाचं सोंग

अर्ध्या नाशिकची लग्नं दोन-दोनदा लागली आहेत, आणि त्याला जबाबदार एकच माणूस, आमचे रिटेकभाई. त्यांचं खरं नाव त्यांच्या अम्मींना आणि रेशनकार्डालाच ठाऊक असावं. राहायचे जुन्या नाशकात, धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, माणसं जेवणाकडे वळली, की मागून आवाज यायचा, "रिटेक! हार परत घाला. मामा मधी आले." आता लग्नात मामा मध्ये येणारच, त्यासाठीच तर त्याला बोलावतात. पण हे रिटेकभाईंच्या कॅमेऱ्याला कधी पटलं नाही.

माझ्या लेकीच्या लग्नात ऐन मुहूर्तावर लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सावधान होऊन गेलं होतं. रिटेकभाईंनी स्टेजवर चढून जाहीर केलं, "सगळ्यांनी जागेवर थांबा. अक्षता परत." गुरुजी खवळले. "अहो, एकदा लागलेलं लग्न परत कसं लावू?"

"लागलेलं राहू द्या ना गुरुजी. पण ते दिसलं कुठं?"

लोकांच्या हातात अक्षता उरल्या नव्हत्या. यांनी कॅमेऱ्याच्या बॅगेतून रंगवलेल्या तांदळाची पिशवी काढली आणि मुठी-मुठीने वाटत फिरले. ती पिशवी त्या बॅगेत कायम असायची, बॅटरीशेजारी. माझे जावई अजून म्हणतात, "मला पळून जायला दुसरी संधी मिळाली होती, मी घेतली नाही."

लग्नाची कॅसेट द्यायला ते आमच्या नाशिक रोडच्या घरी आले आणि शोकेससमोर थबकले. आत माझ्या चार पुस्तकांची मालिका होती, 'काजळगडच्या गोष्टी'. त्यांतला ढगोबा म्हणजे ढग गिळणारा आणि तहानलेल्या गावांवर जाऊन पाऊस सोडणारा एक अवाढव्य, भित्रा, प्रेमळ प्राणी. एके काळी शाळांच्या लायब्रऱ्यांतून ही पुस्तकं फाटेस्तोवर वाचली गेली. रिटेकभाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीत बसून पाणी मागितलं.

"ढगोबा तुम्ही लिहिलाय? बाई, तुमच्यामुळं मी मार खाल्लाय! वर्गात बाकाखाली धरून वाचत होतो." आणि पाणी संपायच्या आत, "त्याचा पिक्चर करू या?"

मी नाही म्हटलं. नाही म्हणणारी ती बाई कोण होती, हे सांगायला हवं. तिला पाहायचं असेल तर पुस्तकाच्या मागच्या बाजूचा फोटो पाहा. हनुवटीखाली मूठ, नजर दूर क्षितिजाकडे. क्षितिजाकडे म्हणजे फोटोग्राफरच्या दुकानातल्या कॅलेंडरकडे. चार पुस्तकं लिहून या बाईंना वाटत होतं, की आपल्या ढगोबासाठी मुंबईहून कोणीतरी मोठा दिग्दर्शक गाडी करून येणार. लग्नाची शूटिंग करणाऱ्याला कसा द्यायचा तो? एकदा मुंबईहून फोन आला खरा. ढगोबाला त्यांना लंडनमध्ये न्यायचं होतं आणि तिथे त्याला एक गाणं द्यायचं होतं. बाईंनी फोन आपटला आणि पुन्हा क्षितिजाकडे पाहत बसल्या.

रिटेकभाई मात्र हटले नाहीत. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे आणि जाताना दारात चपला घालता-घालता विचारायचे, "मग, ढगोबा?" मी म्हणायची, "बघू." ते म्हणायचे, "बघा, बघा. आपल्याकडं रिटेकला कमी नाही." माझे केस पांढरे झाले, त्यांचे गेले. कॅसेटच्या सीड्या झाल्या, सीड्यांचे पेनड्राइव्ह झाले. एका ईदला मात्र मीच डबा हातात घेत म्हटलं, "करा पिक्चर. पण एक अट. माझ्या पुस्तकातला एक शब्दही बदलायचा नाही." अट फोटोतल्या बाईंचीच होती. केस पांढरे झाले तरी त्या माझ्या आत मूठ टेकून बसलेल्याच होत्या.

"अल्लाकसम, एक कानासुद्धा नाही," रिटेकभाई म्हणाले. मग पहिलं पुस्तक उघडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'इतक्यात दशसहस्र अश्वांच्या टापांनी काजळगडचे पठार दुमदुमले.' बाई, दशसहस्र म्हणजे?"

"दहा हजार."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "लिहिताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, यांना चारा कोण घालणार?"

खोटं कशाला बोलू, नव्हतं वाटलं. त्या बाईंना घोडे फुकट होते. शाई होती, हात होता, दहा हजार म्हटलं काय नि लाख म्हटलं काय! पण शब्द बदलायचा नाही म्हणजे नाही. रिटेकभाईंनी त्यांच्या धंद्यात जे होतं ते सगळं काजळगडाला जुंपलं. राजवाडा म्हणून गंगापूर रोडचं एक लॉन्स, मंगळवारी, कारण मंगळवारी बुकिंग नव्हतं. सिंहासन रिसेप्शनचं, मखमलीचं. सैन्य म्हणून ओळखीचा ब्रासबँड, त्यांच्याच सोनेरी झालरीच्या गणवेशात. आणि दहा हजार अश्व म्हणून नवरदेवाची एक पांढरी घोडी. ती कॅमेऱ्यासमोरून डावीकडून उजवीकडे न्यायची, मागून फिरवून आणायची, पुन्हा न्यायची. घोडी शहाणी होती, पण सैन्यातल्या एकाने सवयीने क्लॅरिनेट तोंडाला लावला की ऐन लढाईत नाचायला लागायची. रिटेकभाईंची मुलगी शाहीन संगणकावर एडिटिंग करायची. तिने त्या एका घोडीचे इतके घोडे केले की पडदा भरून गेला. नीट पाहिलं तर मागच्या रांगेतले दोन-तीन अश्व अजून नाचताना दिसतात.

"पैशांचं काय करणार?" असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लग्नसराई कुठं पळून चाललीये का?" सीझनभर लग्नं करायची, उरलेल्या दिवसांत काजळगड. लोक हसायचे. रिटेकभाई त्यांनाच गणवेश देऊन सैन्यात उभं करायचे.

अडलं ते ढगोबापाशी. तो काही लॉन्सवर मिळेना. कोणी संगणकावरचा ढगोबा करून आणला. चकचकीत होता, पण भित्रा दिसेना. "बाई, याला मी ओळखत नाही," रिटेकभाई म्हणाले आणि मला गाडीत घालून पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर घेऊन गेले. त्या भागात उन्हाळ्याच्या तोंडी बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची मोठमोठी सोंगं, म्हणजे मुखवटे, डोक्यावर चढवून माणसं रात्रभर नाचतात. ती सोंगं घडवणारे एक आबा तिथे राहायचे. त्यांना मी ढगोबाचं वर्णन वाचून दाखवलं, 'पर्वताएवढा, नेत्रांत सहस्र विद्युल्लता', सगळं साग्रसंगीत. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्याला भ्याव कशाचं वाटतं?"

मी सांगितलं, आपल्याकडून कोणाच्या घरावर जास्त पाऊस पडेल, याचं.

"मंग जमंल," आबा म्हणाले.

आणि जमलं! कागदाच्या लगद्याचा, खांद्यांपर्यंत येणारा, राखाडी-निळा ढगोबा. गाल पावसाने फुगलेले, भुवया वर चढलेल्या, जणू आत्ताच कोणीतरी रागावलंय. माझ्या डोक्यात जो इतकी वर्षं होता तो अंगणातल्या खाटेवर ठेवलेला होता. विद्युल्लता वगैरे काही नव्हतं, आणि मला त्यांची आठवणही झाली नाही.

ढगोबाचं काम करायला सातपूरच्या तालमीतला एक धिप्पाड गडी ठरला होता. शूटिंगच्या दिवशी पाड्यावरच आबांनी सोंगापुढे उदबत्ती लावली, नारळ ठेवला. "आबा, नारळ तुम्ही फोडा, खोबरं मी खातो," रिटेकभाई म्हणाले. ते झालं, आणि तालमीतला गडी कपडे बदलायला गेला. आता रिटेकभाईंची जन्माची सवय अशी, की नवरदेव यायच्या आत त्याच्या जागी स्वतः उभं राहून लाईट बघायचा. कित्येक लग्नांत ते मुंडावळ्या लावून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्याच सवयीने त्यांनी ढगोबा उचलला आणि चढवला डोक्यावर. आतून आवाज आला, "शाहीन, डाव्या गालावर सावली पडतीये का?"

आबा खाटेवरून उठले. "झालं," ते म्हणाले. "आता हे सोंग तुमचं."

"म्हणजे?"

"पूजा झाल्याव पहिल्यांदा ज्यानं घातलं त्याचं. मंग ते त्याच्या घरात ऱ्हातं. दुसऱ्याच्या डोक्याव नाय चढायचं."

सगळे बोलायला लागले. शूटिंग बघायला आलेले लॉन्सचे मालक म्हणाले, हा काही बोहाडा नाही, सिनेमा आहे. तालमीतला गडी तर रडकुंडीला आला. त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. मीसुद्धा म्हटलं, "भाई, तुमचे गुडघे बघा. डोंगर चढायचाय ढगोबाला. आणि तुम्ही आत शिरलात तर कॅमेऱ्यामागे कोण?" रिटेकभाईंनी सोंग उतरवलं, घाम पुसला आणि आबांकडे बघत म्हणाले, "त्यांनी बनवलंय, तर कायदा त्यांचा. तुमच्या पुस्तकाला कायदा आहे ना बाई? तसा याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कॅमेऱ्यामागं तुम्ही."

अशी मी उतारवयात दिग्दर्शक झाले. शाहीन कॅमेरा धरायची, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ओरडायची. पहिल्याच दिवशी ढगोबा झाडामागून डोकावला आणि मी सगळ्या नाशिकच्या वतीने म्हटलं, "रिटेक!"

"का? चांगला होता की!" आतून आवाज.

"मामा मधी आले."

पण गंमत संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की या माणसाला आता स्वतःचा एकही शॉट दिसत नाही. आतून दिसायची ती फक्त पायापुढची वीतभर जमीन. ज्याने जन्मभर कोणाचं 'ठीक आहे' मानलं नाही, तो दर वेळी मुखवटा माझ्या दिशेने वळवून विचारायचा, "बाई, ठीक होता?" आणि मी ठीक म्हटलं की पुढे जायचा.

शेवटचा प्रसंग श्रावणात, पेठच्या वरच्या माळावर. गावाला पाऊस देऊन ढगोबा एकटाच धुक्यात निघून जातो, असं पहिलं पुस्तक संपतं. रिटेकभाई म्हणाले, "मला काही दिसणार नाही. तुम्ही कट म्हणेपर्यंत मी चालत राहणार." मी ॲक्शन म्हटलं. ढगोबा निघाला. दुखऱ्या गुडघ्यांमुळे डुलत, जड पावलं टाकत. त्या बाईंनी आपल्या पुस्तकात या चालीला एक पानभर उपमा दिल्या होत्या आणि त्यांतली एकही अशी नव्हती. धुकं पायांवर चढलं, कमरेवर चढलं. मी बघतच राहिले. कट म्हणायचं राहूनच गेलं.

"ओ बाई!" आबा ओरडले. "फुडं दरी हाय!"

मी किंचाळले, "कट!"

ढगोबा थांबला. वळला. धुक्यातून आवाज आला, "बाई, ठीक होता?"

त्यानंतर आम्ही तो शॉट बऱ्याच वेळा घेतला, पण पिक्चरमध्ये पहिलाच ठेवला. शाहीनने माझी किंकाळी तेवढी कापली.

पहिला खेळ त्याच लॉन्सवर झाला, एका मंगळवारी, पांढऱ्या कापडावर. मुलं पुढे सतरंजीवर, त्यांना घेऊन आलेले आई-बाप मागे खुर्च्यांवर. हे आई-बाप म्हणजे माझे जुने वाचक, आणि बरेचसे रिटेकभाईंनी दोनदा लग्न लावलेले. ढगोबा धुक्यात गेला, कापड पांढरं झालं, आणि सतरंजीवरून गलका उठला, "परत! परत!" मी मागे वळून पाहिलं. रिटेकभाई प्रोजेक्टरपाशी उभे होते, हातात शीरखुर्म्याचाच डबा, त्यात आज पेढे. त्यांनी डबा बाजूला ठेवला, डोळे बाहीला पुसले आणि पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावला. मुलांच्या आज्ञेवरून झालेला त्यांचा तो पहिलाच रिटेक.

थंडी सरता-सरता ते गेले. हृदय. आदल्या दिवशी सिन्नरला लग्न करून आले होते. शाहीन म्हणाली, तिथेही हार परत घालायला लावले.

दुसऱ्या पुस्तकाच्या पिक्चरची तयारी त्यांनीच सुरू करून ठेवली होती. महिना-दीड महिना गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ढगोबा खोलीच्या कोपऱ्यात, स्टुलावर, जुन्या शालूत गुंडाळलेला. लॉन्सचे मालक आधीच येऊन बसले होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "शाहीन, आता त्या तालमीवाल्याला घेऊ. काम पुढे जायला हवं ना?"

शाहीनने शालू सोडला आणि सोंग डोक्यावर घेतलं. मुलगी माझ्या खांद्याएवढी, अंगाने काटकी. ढगोबा तिच्या कोपरांपर्यंत उतरला. मालकांना हसू आवरेना. "अगं, पर्वताएवढा आहे तो! पुस्तकात लिहिलंय."

"कॅमेरा मी शिकवीन कोणालातरी," आतून आवाज आला. "हे आमच्या घरचं सोंग आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर चढणार नाही." आणि मुखवटा माझ्या दिशेने वळला. "आजी, ठीक आहे?"

मी पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर 'पर्वताएवढा' होता, फोटोतल्या बाईंचा लाडका. पेन मागून घेतलं, तो खोडला, आणि समासात लिहिलं: 'त्या वर्षी सगळ्या गावांना पाऊस देऊन-देऊन ढगोबा अंगाने अगदी उतरला होता.' मालकांनी वाकून वाचलं.

"बाई! तुमचा तर एक शब्दही बदलायचा नव्हता ना?"

"बदलला कुठे?" मी पेनचं टोपण लावलं. "रिटेक घेतलाय. शाहीन, मंगळवारी लॉन्स रिकामं आहे का, विचार यांना."