पोलिसांना दारातच चहा

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास माझा धाकटा दीर लंडनमधल्या आमच्या पिनरच्या घरी राहायला आला. पबमधल्या मारामारीबद्दल कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशन दिलं होतं, आणि राहायचं आमच्याच पत्त्यावर, अशी अट होती. मी छोटी खोली रिकामी केली. पलंग, दिवा, पडदे, एकेक काम यादीतून खोडलं. त्याने स्वतः एकच गोष्ट मागितली, दाराला आतून कडी. खटल्याआधी कोठडीत होतो तेव्हा कोणीही कधीही दार उघडायचं, म्हणाला.

एका दुपारी सासूबाई एकट्या असताना दोन पोलीस आले. मागच्या रस्त्यावर चोरी झाली होती आणि याचं नाव त्यांच्या नोंदीत होतं. आत येऊन जरा बघू का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला घर दाखवायची पद्धत. सासूबाईंनी त्यांना बूट काढायला लावले, चहा दिला, पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि स्वयंपाकघरापासून दिराच्या खोलीपर्यंत सगळं घर हौसेने दाखवलं. त्यांनी कपाट, खण, गादीखाली पाहिलं. काही सापडलं नाही.

संध्याकाळी दिराने उघडे खण पाहिले आणि बॅग भरायला घेतली.

"वहिनी, मग कडी कशाला लावली?"

घर सोडलं तर अट मोडणार, पुन्हा कोर्ट. मी त्याच्याकडून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि लंच टाइममध्ये सॉलिसिटरला गाठलं. तिने सांगितलं, माणूस प्रोबेशनवर आहे एवढ्यावरून पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेता येत नाही. पण घरच्यांनीच सही करून हो म्हटलं, तर प्रश्नच मिटला.

हे ऐकून सासूबाई कळवळल्या. "अगं, पण आलेल्या माणसाला दारात उभं कसं ठेवायचं?"

दीर थांबला, पण भरलेली बॅग खाली दाराशीच राहिली.

पुढे एका शनिवारी तेच दोघे परत आले. मी आणि दीर जिन्यात उभे राहून ऐकत होतो. सासूबाई बाहेर गेल्या आणि दार मागे ओढून घेतलं. वॉरंट आहे का, विचारलं. नव्हतं. मग बागेतल्या खुर्च्या पोर्चमध्ये मांडून त्यांनी दोघांना बसवलं, चहा आणि चिवडा दिला, त्यातल्या तरुण पोलिसाच्या आईची चौकशी केली. त्याने टॉयलेट कुठे आहे विचारलं, तर पार्कातलं सांगितलं. चहा संपवून, थँक यू म्हणून ते गेले.

"आई, टॉयलेटलाही नाही जाऊ दिलंस?" दिराला हसू आवरेना.

"आधी वॉरंट," सासूबाई कप गोळा करत म्हणाल्या.

तो बॅग घेऊन वर गेला. खण उघडल्या-लावल्याचे आवाज आले, मग कडी लागली. जेवणाच्या वेळी मी नेहमीसारखी खालून हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला थांबवलं. गुडघे दुखत असूनही त्या जिना चढून गेल्या आणि त्याचं दार वाजवून, तो उघडेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या.