लॉईडसाहेबांपुढे खाली गेलेल्या माना

परदेशात चार मराठी घरं एकत्र आली की किस्से साठतातच. सिंकमधल्या भांड्यांसारखे, आता आवरले म्हणावं तोवर पुन्हा ढीग! नव्वदच्या दशकातल्या आमच्या मरीन परेड वस्तीतल्या ग्रुपचे निम्मे किस्से एकट्या लॉईडसाहेबांचे. आणि खरं सांगते, त्यातला एकही सांगताना मला मान वर करता येत नाही.

लॉईडसाहेब म्हणजे आमच्या ह्यांच्या शिपिंग कंपनीतले सुपरिंटेंडंट. वेल्समधले जमीनदार. तिकडे मेंढ्या, कुरणं, पिढीजात घर, आणि नाद एकच, जुन्या वस्तूंचा. शेतात खापराचा तुकडा निघाला तरी धुऊन, पुसून कपाटात ठेवणार.

*

एकदा ते आमच्याकडे जेवायला आले. आमच्या ग्रुपमधले, बोटीवरचे चीफ इंजिनिअर राणे रंगात आले. "सर, आमच्या गावचं देऊळ चारशे वर्षांचं!"

साहेबांचे डोळे चमकले. "फोटो आहे?"

राण्यांनी पाकिटातून फोटो काढला. "गेल्याच वर्षी सगळं पाडून नवीन बांधलं. फुल टाइल्स!"

साहेबांनी हातातली पुरी खाली ठेवली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

*

मग साहेबांनी आम्हाला आपल्या बुओना व्हिस्टा भागातल्या बंगल्यावर बोलावलं. जेवणं झाल्यावर राणेवहिनी "नुसतं काय बसायचं" म्हणत किचनकडे निघाल्या. वाटेत शेल्फवर तांब्याचा वाडगा दिसला, पार हिरवा पडलेला. वहिनींना बघवेना! लिंबू-मीठ लावून असा लख्ख केला की त्यात तोंड दिसावं.

तो वाडगा साहेबांच्या आजोबांना शेतात सापडला होता. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा! साहेबांनी वाडगा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "मिसेस राणे, इट इज... व्हेरी क्लीन."

वहिनी म्हणाल्या, "मेन्शन नॉट!"

*

त्याच वर्षी साहेबांची एकुलती एक लेक, मेगन, वेल्सहून आली. तिकडचं पिढीजात घर विकायला वडिलांना राजी करायचं, एवढ्याचसाठी. "डॅड, तिथं राहणार कोण?" साहेबांना काही झालं तरी घर राखायचं होतं. म्हणून तिला मुद्दाम आमच्या गणपतीला घेऊन आले. म्हणाले, "बघ, ही माणसं घरापासून किती लांब आहेत, पण जुनं सोडत नाहीत."

हे आमच्याबद्दल! राण्यांनी तर छताकडेच बघायला सुरुवात केली.

संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर विसर्जन झालं. आम्ही काय ओरडतोय, असं साहेबांनी विचारलं. राणे म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या, म्हणतोय."

मूर्ती पाण्याखाली गेली. मेगन हळूच म्हणाली, "सी, डॅड? दे लव्ह हिम, अँड दे लेट गो."

साहेबांचा चेहरा इतका उतरला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समजूत घालावी म्हणून राणेवहिनी म्हणाल्या, "मातीचा देव, पाण्यात विरघळून पुन्हा माती होतो." पण शाडूची मूर्ती बोटीवर तडकते म्हणून राण्यांनी मुंबईहून प्लास्टरची आणली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले मोदक संपवायला सगळे आमच्याकडे जमलो होतो. बेल वाजली. दारात साहेब आणि मेगन, किनाऱ्यावर फिरून थेट आलेले, बूट वाळूनं भरलेले.

साहेबांच्या हातात टॉवेल आणि टॉवेलात आमचा गणपती! रंग उडालेला, एक हात तुटलेला. तो हात मेगननं रुमालात जपून धरला होता.

साहेबांचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्ही काल लवकर या म्हणालात ना?" मग लेकीकडे वळून म्हणाले, "बघ मेगन, आला!"

दारात गणपती, आणि आमच्यातल्या एकाच्याही तोंडून "या" निघेना.